पलीकडची पाटी

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आमची एसटी थांबली. शिपाई वर चढला, फळीवरच्या दोन-तीन पिशव्या दाबून पाहिल्या, काजूच्या पाकिटांखाली काही खळखळतंय का याचा अंदाज घेतला आणि कंडक्टरशी दोन शब्द बोलून उतरला. गोव्याहून येणाऱ्या माणसाला हा विधी पाठ असतो. त्या दिवशी मात्र मी खिडकीतून पुढच्या गाडीकडे बघत होतो. कोरी करकरीत गाडी. सीटवरची प्लास्टिकची आवरणं तशीच, बॉनेटवर कोमेजायला लागलेला झेंडूचा हार, आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तात्पुरता नंबर. पुढे बसलेल्या गृहस्थांनी काच खाली केली, कागद दाखवले आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. शिपायाने एक पेढा घेतला, डिकी उघडायला लावली, आत बाटल्या नाहीत हे पाहिलं आणि हात केला. वीस-पंचवीस लाखांची वस्तू सीमा ओलांडून गेली. तपासली गेली ती तिची डिकी.

माझ्या शेजारी सावंतवाडीचे एक आजोबा बसले होते. म्हणाले, "थय सवाय पडता मा!"

सवाय म्हणजे स्वस्त. हा हिशेब त्या गृहस्थांचा खरा होता की नाही, मला माहीत नाही. कदाचित ते पणजीतच नोकरीला असतील. पण आजोबांच्या त्या शब्दाने मी विचारात पडलो. सीमेपलीकडून स्वस्त आणण्याचा उद्योग मोटारीपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि त्याचा एक फार बोलका मराठी कागद नेमका याच रस्त्याचा आहे.

१६७१ सालची गोष्ट. शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला एक पत्र लिहिलं. विषय मीठ. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त मिळे. घाटावरून बैल घेऊन येणारे व्यापारी साहजिकच संगमेश्वराकडच्या मिठाकडे पाठ फिरवून बारदेशचं मीठ भरत. महाराजांनी हुकूम दिला तो मोठा हिशेबी होता: दोन्हीकडचे भाव ताडून पाहा आणि बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महागच पडलं पाहिजे. नाहीतर सगळी उलाढाल तिकडे जाईल आणि आपली बंदरं बसतील. आज ज्याला संरक्षक आयातशुल्क म्हणतात त्याचं इतकं स्वच्छ गणित अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडतं. मला त्यात त्या बैलवाल्याचीही बाजू दिसते. त्याला स्वराज्याचं वावडं नव्हतं. त्याला दोन पैसे वाचवायचे होते आणि बारदेश वाटेवर होता.

'जकात' हा शब्दही मजेशीर वाटेने आला. अरबीत तो धर्मादायाचा: कमाईतला काही हिस्सा गोरगरिबांना द्यायचा, त्याला झकात. फारसी दरबारातून फिरत फिरत तो मराठीत आला तेव्हा त्यातलं पुण्य गळून पडलं होतं आणि उरला होता रस्त्यात आडवा बांबू आणि त्याच्या बाजूला बसलेला माणूस.

त्या बांबूला चुकवण्याचे तेव्हा दोन मार्ग होते. एक आडवाटेचा, रात्रीचा. दुसरा कागदाचा. आपल्या मोटारीच्या गोष्टीत या दुसऱ्या मार्गाला महत्त्व आहे, म्हणून जरा बंगालपर्यंत जाऊन येऊ. १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिलं: वर्षाला तीन हजार रुपये भरा आणि बंगालात जकातीशिवाय व्यापार करा. कंपनीच्या मालाबरोबर 'दस्तक' नावाची चिठ्ठी जायची. ती दाखवली की नाका उघडे. थोड्याच दिवसांत कंपनीचे नोकर आपला खाजगी माल त्याच चिठ्ठीवर पाठवू लागले. मग पुढची पायरी: चिठ्ठीच देशी व्यापाऱ्यांना विकायची. माल बंगाल्याचा, जाणार बंगालात, विकला जाणार बंगाल्याला. फक्त कागदावर तो इंग्रजांचा. नवाब मीर कासीम इतका वैतागला की त्याने १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली. सवलत सगळ्यांना मिळाली की चिठ्ठीची किंमत शून्य होते, हे कंपनीला बरोबर कळलं. पुढच्याच वर्षी बक्सारची लढाई झाली.

दस्तक मला आठवते ती दमणच्या पाटीची एखादी गाडी मुंबईत दिसली की. पण मध्ये बरंच काही आहे.

इंग्रजांचं राज्य बसल्यावर त्यांनी मिठासाठी जे केलं ते ऐकून आजही विश्वास बसत नाही. सिंधूपासून महानदीपर्यंत, आपल्या खानदेशाच्या वेशीवरच्या बुऱ्हाणपुराजवळून जाणारी जकातीची एक सलग रेघ त्यांनी देशावर ओढली, आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचं कुंपण वाढवलं. बाभळी, बोरी, निवडुंग. रेघेवर हजारो माणसं पहाऱ्याला. १८७९ साली ती उठली, कारण दोन्ही बाजूंचा मिठाचा कर सारखा करण्यात आला. कुंपण तोडायला कुणाला जावं लागलं नाही; वाळवी आणि शेतकरी यांनी ते संपवलं.

त्याच सुमाराला गोव्याच्या सीमेवरही एक विलक्षण प्रयोग झाला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकातीची सीमा पुसून टाकली. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षं हा करार चालला. बदल्यात गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे याच कराराचं अपत्य. पण गोव्याच्या मीठवाल्यांचं दिवाळं वाजलं, पोर्तुगीजांना सौदा तोट्याचा वाटू लागला आणि मुदत संपताच सीमा परत उभी राहिली. एखाद्या सीमेवरून स्वस्त माल येतो तो तिथल्या मातीमुळे नव्हे, दोन हिशेबनिसांच्या वह्यांमधल्या फरकामुळे. बारा वर्षं वह्या एक झाल्या तेव्हा सीमेवरचा पत्रादेवीचा डोंगर नुसता डोंगर होता.

मोटार आली ती या सगळ्यानंतर. मुंबईच्या रस्त्यावर ती १८९८ च्या आसपास दिसू लागली आणि पहिल्या मालकांत जमशेदजी टाटांचं नाव घेतलं जातं. तेव्हा प्रत्येक गाडी समुद्र ओलांडूनच येत होती, त्यामुळे 'इंपोर्टेड' या शब्दाला काही अर्थ नव्हता. पैसे वाचवण्याची पहिली युक्ती निघाली ती बंदरावर: गाडी अखंड आणायची नाही. सुटे भाग खोक्यांत भरून आणले की जहाजात जागा कमी लागते आणि भाडं वाचतं. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तो याच हिशेबावर. खोकी उतरायची आणि शेव्हरोले बाहेर पडायची. ही युक्ती अजून जिवंत आहे. चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला ज्या जर्मन गाड्या 'तयार' होतात, त्यांत खोक्यांतून आलेल्या भागांचा वाटा मोठा असतो, कारण अखंड गाडीवरचं आयातशुल्क आणि सुट्या भागांवरचं शुल्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९२८ चाच आणखी एक तपशील मला फार आवडतो. त्या वर्षी पोर्तुगालने रस्त्याची बाजू बदलली. डावीकडून चालणारी वाहनं उजवीकडून चालू लागली. गोव्यात मात्र बदल केला नाही. सीमेवरच्या बांद्याला आलं की गाडी दुसऱ्या बाजूला घ्यायची, हे कसं जमणार? लिस्बनचं राज्य होतं, पण रस्ता शेजाऱ्याचा होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, इथे गाडी बनवणार असाल तर राहा. शिवडीचा कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स राहिली, आणि मग फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारी एक अख्खी पिढी. परदेशी गाडी हवी असेल तर वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्यांचा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा लिलाव, किंवा परदेशातून कायमचं परतणाऱ्या एखाद्या नातलगाची दया.

आणि गोवा. दादरला फियाटची वाट बघत लोक म्हातारे होत होते तेव्हा गोव्यात मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होती. १९५५ मध्ये भारताने आर्थिक कोंडी केली, रेल्वे थांबली, सीमा बंद झाली. त्यामुळे गोव्याचा सगळा माल जहाजाने येऊ लागला. खाणीतलं लोहखनिज जपानला जायचं, त्याचे पैसे होते आणि आयातीवर निर्बंध फारसे नव्हते. बटाट्यापासून मोटारीपर्यंत सगळं बाहेरून. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा तिथे पोचलेल्या भारतीय अधिकाऱ्यांचे डोळे दुकानांतल्या मालाने विस्फारले, आणि रस्त्यांवरच्या गाड्यांनीही. एका रात्रीत त्या सगळ्या गाड्या, एकही नाका न ओलांडता, भारतात आल्या. सीमाच त्यांच्या अंगावरून गेली. पुढे कितीतरी वर्षं जुनी मर्सिडीज म्हटलं की जाणकार पहिल्यांदा मडगावकडे बोट दाखवायचे.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. आज महाराष्ट्रात किंवा केरळात 'बाहेरची पाटी' म्हणून जी अक्षरं डोळ्यांत भरतात त्यांची यादी करून पाहा: गोवा, दमण, दादरा-नगर हवेली, पुदुच्चेरी. पहिली तीन पोर्तुगीजांची, चौथं फ्रेंचांचं. पुदुच्चेरीचीही ब्रिटिश हिंदुस्थानशी १९४१ मध्ये जकातीची एकी झाली होती आणि ती १९४९ मध्ये मोडली. हे छोटे छोटे तुकडे भारतात आले तरी आपापली तिजोरी घेऊन आले. आपापला विक्रीकर, आपापला वाहनकर. नकाशावरची जुनी वसाहतींची रेघ पुसली गेली, पण ती नंबर प्लेटवर उमटून राहिली. म्हणजे वापीहून दमणला जाणारा मोटारवाला आजही एका अर्थी पोर्तुगीज हद्दीतच जातो. (झारखंडचं काय, असं कुणी विचारेल. मुंबईत महागड्या गाडीवर झारखंडची पाटी दिसते ती केवळ कमी करामुळे. तिथे माझा हा सिद्धांत लंगडतो, मान्य.)

वाहनकराचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला. केंद्राला त्यामागची तत्त्वं ठरवता येतात, दर मात्र राज्य ठरवतं. याच्याही आधी, १९२७ मध्ये, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली होती. तिने सांगितलं की पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांना द्या. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जादा घेतले जाऊ लागले. मला ही जयकरांची वाट सगळ्यात सरळ वाटते. जो जास्त फिरेल तो जास्त देईल, पत्ता विचारायची गरज नाही. अर्थात पेट्रोललाही सीमा असतेच. २०१२ साली गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला, तेव्हा बांदा-सावंतवाडीकडचे लोक टाकी भरायला पलीकडे जायला लागलेच. पण टाकी महिन्याला चार वेळा भरावी लागते, कर एकदाच चुकवायचा असतो.

'एकदाच' हा शब्द इथे कळीचा. पूर्वी वाहनकर वर्षाचा असायचा, थोडा थोडा. तो आयुष्यभराचा एकरकमी झाला आणि तोही किमतीच्या टक्केवारीत, तेव्हा कमी कराचं दमण जवळ आलं. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. म्हणजे ५० लाखांच्या पेट्रोल गाडीला साडेसहा लाख. हीच गाडी कंपनीच्या नावाने घेतली, किंवा परदेशातून अखंड आणली, तर २० टक्के, म्हणजे दहा लाख. (कंपनीच्या नावाने कर चुकवणाऱ्यांचा इतिहास दस्तकापासूनचा, आता कंपनीचं नाव लावलं तर जास्त भरावं लागतं, हा काव्यगत न्यायच.) अल्टो घेणारा कुणी दमणला जात नाही. त्याचे वाचणारे पैसे जाण्या-येण्यात आणि वडापावात संपतील. बारदेशच्या वाटेवर गरीब बैलवाला होता, या वाटेवर मात्र श्रीमंतच दिसतात. गाडी जितकी महाग तितकी सीमा जवळ.

मध्यंतरी घरातल्या घरातही सीमा होत्या, हे आज मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. शहरात माल आणताना जकात होती. मुंबई, ठाणे, पुणे, प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे मुंबईत राहणाऱ्याची गाडी पेणच्या एमएच-०६ नंबरची असणं, हा काही काळ अगदी मध्यमवर्गीय चमत्कार होता. अलिबागला काकांचं घर असतंच. नवी मुंबईत जकातीऐवजी उपकर होता, तिथला वेगळा हिशेब. आणि राज्याबाहेरून येणाऱ्यांसाठी १९८७ साली महाराष्ट्राने वाहनांवरील प्रवेशकराचा कायदा केला. त्यातला एक बारकावा बघण्यासारखा आहे: बाहेर नोंदलेली गाडी पंधरा महिन्यांनंतर इथे आणली तर हा कर नाही. कायदा करणाऱ्याला खरोखर बदली होऊन येणाऱ्या माणसाला सोडायचं होतं. वाचणाऱ्याने कॅलेंडरवर पंधरा महिने मोजले.

विक्रीकराच्या बाबतीत तर राज्यांचीच आपसात चढाओढ होती: माझ्याकडे घ्या, मी कमी घेतो. अखेर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत किमान दर ठरले आणि २००० पासून ते लागू करायचं ठरलं. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. मुंबईची जकात गेली, प्रवेशकर गेला, विक्रीकर गेला. मुलुंडच्या नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा गेल्या. गाडीची शोरूममधली किंमत पणजीत, पुण्यात, पाटण्यात जवळपास सारखी झाली. बाकी उरला एकच फरक, वाहनकराचा.

आणि इथेच या सगळ्या इतिहासाने कोलांटी उडी मारली. आधी माल सीमा ओलांडायचा आणि माणूस घरी असायचा. आता गाडी मुंबईत, मालक मुंबईत, सर्व्हिसिंग मुंबईत. सीमा ओलांडतो तो फक्त पत्ता.

मोटार वाहन कायदा नोंदणीसाठी विचारतो की मालक कुठे राहतो किंवा धंदा कुठे करतो आणि गाडी एरवी कुठे ठेवली जाते. साध्या भाषेत, गाडी रात्री झोपते कुठे? त्याच कायद्याने असंही म्हटलंय की एका राज्यातली नोंदणी देशभर चालेल. मात्र दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्या. या दोन वाक्यांच्या फटीत एजंटांचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला.

माझ्या एका आतेभावाने ही वाट धरली होती. त्याचा भागीदार दमणला प्लास्टिकचे डबे बनवतो, शेड खरी आहे, वीजबिल खरं आहे. गाडी शेडच्या पत्त्यावर घेतली. एजंट म्हणाला होता, "साहेब, पत्ता नसता तरी दिला असता." भाडेकरार, आयुर्विम्याची पॉलिसी, सगळी सोय. नियमांत पत्त्याच्या पुराव्यांत विम्याच्या पॉलिसीलाही स्थान आहे, त्यामुळे एजंटचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. गाडी ठाण्याला आली. सोसायटीच्या वॉचमनने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'दमणवाली' ठेवलं आणि पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद केली. दोन वर्षं ती पाहुणीच राहिली. सिग्नलला हवालदार दुसऱ्या गाड्या सोडून हिलाच बाजूला घ्यायचा. आतेभाऊ प्रत्येक वेळी शेडचं वीजबिल काढून दाखवायचा; ते ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवून ठेवून त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

खरी गंमत विकताना आली. घेणारा म्हणाला, मला एमएच हवा. मग दमणहून ना-हरकत प्रमाणपत्र, अठ्ठावीस नंबरचा फॉर्म. त्याआधी बँकेचं पत्र, पोलिसांकडून गाडी चोरीची नाही याचा दाखला. इथे सत्तावीस नंबरचा फॉर्म, इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे कमी करून, पण रोख आणि आधी. तिकडचा उरलेला कर परत मिळतो, अर्ज केल्यावर. त्याने अर्ज केला. आत्या अजून विचारते, "आले का रे दमणचे पैसे?" यावर तो विषय बदलतो.

मोटार वाहन विभागाने वेळोवेळी मोहिमा काढल्या, सोसायट्यांच्या पार्किंगपर्यंत लोक गेले. पण बारा महिने झाले हे सिद्ध कुणी करायचं? मालक म्हणतो, मागच्याच महिन्यात दमणला होती. कर्नाटकाने २०१४ मध्ये यावर घाव घातला: बाहेरची गाडी तीस दिवसांपेक्षा जास्त राज्यात राहिली की आयुष्यभराचा कर भरा. बंगळुरूत कामाला आलेल्या हजारो संगणक अभियंत्यांची, त्यांत मराठी पोरंही भरपूर, झोप उडाली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. केंद्राचा कायदा बारा महिने म्हणतो तर राज्याला तीस दिवस कसे म्हणता येतील? तिकडे केरळात २०१७ मध्ये पुदुच्चेरीच्या पाट्यांचं प्रकरण निघालं. सिनेमातली ओळखीची नावं, कोट्यवधींच्या गाड्या आणि समुद्राकाठच्या त्या छोट्या गावातले पत्ते, जिथे एवढी गाडी वळवायलाही जागा नसावी.

हे सगळं श्रीमंतांचं. पण मुंबई-कोल्हापूर रात्रीची स्लीपर बस पकडा आणि मागची पाटी वाचा. नागालँड, अरुणाचल. ड्रायव्हर कराडचा, बस बांधलेली बंगळुरूला, प्रवासी गडहिंग्लजचे. कोहिमाचा डोंगर त्या बसने बघितलेला नसतो. तिथे परवाना स्वस्त. या गाड्यांकडे बघून कुणी नाक मुरडत नाही, कारण तिकिटाचे पाच-पन्नास रुपये आपलेही वाचतात.

केंद्राने २०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच मालिका आणली, भारत मालिका. लष्करातले, सरकारी नोकर, किंवा चार राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीतले लोक तिच्यासाठी पात्र. कर दोन-दोन वर्षांचा. बदली झाली तरी पाटी तीच. बारा महिन्यांचा घोळ मिटला आणि तोही प्रामाणिक माणसासाठी. हे खूपच उशिरा आलेलं शहाणपण. फक्त इथेही टक्केवारीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि इथेही पात्रतेसाठी एक कागद लागतो: कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र. दस्तक म्हणू नका, पण मला आठवलीच.

महाराष्ट्राने एकरकमी करावर २० लाखांची कमाल मर्यादा घातली होती, ती २०२५ च्या जुलैपासून ३० लाख केली. पाच कोटींच्या पेट्रोल गाडीला १३ टक्क्यांनी ६५ लाख झाले असते, भरायचे ३० लाख. गरिबाच्या गाडीला सूट नाही आणि ही कसली मर्यादा, असं वाटतं खरं. पण मर्यादा घालताना सरकारलाही मीर कासीमसारखं गणित कळलं असावं: फरक कमी केला तर पत्ता घरी परततो.

खऱ्या, म्हणजे देशाच्या, सीमेवरून गाडी स्वतः आणण्याचा मार्ग आपल्याकडे इतका काटेरी आहे की मिठाचं कुंपण बरं. गाडी उजव्या स्टिअरिंगचीच हवी, नवी असेल तर ती बनली त्या देशातूनच आली पाहिजे, वापरलेली असेल तर तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात. त्यावर शुल्क. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून सचिन तेंडुलकरला फेरारी भेट मिळाली, तिच्यावरचं शुल्क १ कोटी १३ लाख होतं. सरकारने माफ केलं, लोक चिडले, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी पैसे फियाटने भरले. इतकं कुंपण असलं की आडवाटा निघतातच. २०२५ च्या सप्टेंबरात सीमाशुल्क विभागाने केरळात धाडी घातल्या त्या भूतानहून आणलेल्या जुन्या दणकट गाड्यांसाठी. मोहिमेचं नाव 'नुमखोर', भूतानी भाषेत गाडी. आरोप असा की गाड्या हिमालयातून उतरल्या आणि एका डोंगरी राज्याचा नंबर लावून थेट केरळात पोचल्या. मुळात भूतानात गाडी यायला समुद्र नाही; तिथे ती बहुधा आपल्याच बंदरातून गेलेली असणार.

इन्सुलीला त्या दिवशी एसटी सुटायला बराच वेळ लागला. मागे एका टेम्पोत कुणाकडे तरी दोन बाटल्या जास्त निघाल्या होत्या. आजोबांनी पायाशी ठेवलेली पिशवी वर घेतली, म्हणाले, पाय आखडले. पिशवी जड होती. म्हटलं, काय आहे? म्हणाले मीठ, नेरूळचं, बारदेशातलं. लोणच्याला आणि माशाला हेच लागतं घरी, पाच किलो आणलंय. शिपायाने पहिल्या फेरीत तीही पिशवी दाबली होती. मिठावर आता जीएसटीही नाही. त्याने बोटांना लागलेली पांढरी पूड पँटला पुसली होती आणि तो पुढच्या सीटकडे गेला होता.